शेवटच्या गाडीचं सरकार

सोमवारी सकाळी सरकार वारले. त्या दिवशी राजूरच्या स्टँडवरून एकही जीप सुटली नाही.

मला फोन आला तेव्हा मी संगमनेरच्या शाळेत होते. मधली सुट्टी होती. फोन रशीदभाईंचा होता. ते तेव्हा राजूर-भंडारदरा रस्त्यावर जीप चालवायचे. ते एवढंच म्हणाले, "बाई, सरकार गेलं." माझ्याही तोंडून तेच शब्द निघाले, "सरकार गेलं?"

मुख्याध्यापकांनी डबा बाजूला सारला. "कधी? सकाळच्या पेपरात तर बहुमत होतं." एका सरांनी मोबाईलवर बातम्या लावल्या. दुसऱ्यांनी आता वेतनवाढीच्या फायलीचं काय होणार असा प्रश्न काढला. मी पदराने डोळे पुसत बसले होते. मुख्याध्यापक माझ्याजवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "बाई, तुम्ही इतक्या त्यांच्या बाजूच्या असाल असं कधी वाटलं नव्हतं."

रजेच्या अर्जात मी 'घरमालकांचं निधन' असं कारण लिहिलं. ते खरं होतं. नोकरीच्या सुरुवातीला करवंदवाडीच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती. वाडी राजूरच्या वर डोंगरात, रस्ता संपतो तिथे. वाडीत राहायची सोय नव्हती म्हणून राजूरला सरकारांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहत होते, चांगली काही वर्षं. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं. पण बाजारात, देवळात, दवाखान्यात सगळे त्यांना सरकार म्हणत, आणि तेही नपुंसकलिंगात. सरकार आलं. सरकार जेवायला गेलं. सरकारला आज पडसं झालंय. मी मराठी शिकवणारी, मला ते कानाला टोचायचं. "सरकार आले, असं म्हणावं," असं मी रशीदभाईंना एकदा सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "आले म्हनलं की मानूस वाटतो ओ बाई. मग ऐकनार कोन?"

मी राजूरला पोचले तेव्हा स्टँडवर जीपा एकामागे एक उभ्या होत्या आणि सगळ्या भरलेल्या होत्या. माणसं स्मशानात जायला बसली होती. नियम असा होता की गाडी भरली आणि सरकारांनी हात वर केला की ती सुटायची. गाड्या भरल्या होत्या. हात वर करणारं कुणी नव्हतं.

मागच्या जीपचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "अरं, मौतीची शिट आसली की थांबायचं नसतं. ह्यो बी सरकारचाच नियम हाय."

पुढचा म्हणाला, "हाय की. पन मौतीच्या गाडीला मोरं काढायला बाकीच्यांनी बाजूला व्हायचं असतं. हितं समद्याच मौतीच्या. बाजूला कोन व्हनार?"

यावर बरीच चर्चा झाली. शेवटी माणसं उतरली आणि चालत गेली. नदी जवळच होती. जीपा संध्याकाळपर्यंत तशाच ओळीत उभ्या राहिल्या.

सरकारी नोकरी त्यांनी कधी केली नव्हती. म्हणजे केली होती, पण ती किती केली हे सांगणं अवघड आहे. तरुणपणी बांधकाम खात्याने रस्त्यावरच्या वाहनांची मोजणी काढली होती. कुठल्या रस्त्याने किती बैलगाड्या जातात, किती ट्रक जातात, ते मोजायला ठिकठिकाणी रोजंदारीची माणसं बसवली. राजूरच्या स्टँडसमोरच्या तिठ्यावर यांना बसवलं. बसायला एक लाकडी खुर्ची दिली. मोजणी संपली, पगार बंद झाला, साहेब बदलून गेले. पण "आता ऊठ" असं कुणी येऊन सांगितलं नाही. म्हणून ते बसून राहिले.

"मला बसवलंय," ते म्हणायचे. "उठवल्यालं न्हाई."

हे त्यांचं सगळ्या प्रश्नांना उत्तर होतं. पोलीस नवीन आला आणि म्हणाला, म्हातारबा, इथे काय करता, की हे उत्तर. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या की घराची कौलं गळताहेत, दोन दिवस घरी थांबा, की हे उत्तर. गाड्या मोजणं त्यांनी लवकरच सोडलं होतं, कारण आकडे घ्यायला कुणी येईना. पण खुर्चीवर बसलेल्या माणसासमोर काही ना काही भांडण येतंच. वडापच्या, म्हणजे शीटा भरून माणसं नेणाऱ्या, जीपा सुरू झाल्या तेव्हा पहिला कोण, दुसरा कोण, यावरून ड्रायव्हर एकमेकांच्या कॉलरी धरायचे. खुर्चीवरचा माणूस म्हणाला, तू पुढं, तू मागं. तसंच चालू राहिलं.

त्या जीपा मुळात बेकायदा होत्या, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. परवान्यापेक्षा दुप्पट माणसं आत आणि उरलेली मागच्या शिडीवर. पण नियम मात्र कडक. जावयाला पुढची शीट. दारू प्यालेल्याला मधली, दोन्ही बाजूंनी माणूस पाहिजे म्हणून. भांडण झालेल्या सासूसुना समोरासमोर बसवायच्या नाहीत, शेजारीशेजारी बसवायच्या, म्हणजे तोंड दिसत नाही. मी एकदा म्हटलं, "काका, गाडीच बेकायदा, तर हे नियम कशाला?"

त्यांना प्रश्न कळला नाही. "बेकायदा हाय म्हनूनच ना. कायद्याच्या गाडीला कशाला लागत्यात नियम? तिला कायदा हाय की."

'भरल्याशिवाय सुटायचं नाही' हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरी पंगतीलाही तेच. स्वयंपाकघरात चार पाट मांडलेले असत. ते, काकू, मी, आणि चौथा रिकामा. चौथा भरल्याशिवाय वाढायचं नाही. मग सरकार उंबऱ्यात उभे राहून रस्त्यावरून जाणारा कुणी दिसतो का बघायचे. तारखेला निघालेला वकील, मीटरवाला, औषधाचा फिरता विक्रेता, असे लोक आमच्याकडे जेवून गेले आहेत. एकदा कुणीच मिळेना तेव्हा त्यांनी शेजारच्या भटजींना झोपेतून उठवून आणलं. भटजी म्हणाले, माझं जेवण झालंय. सरकार म्हणाले, "जेवू नगा. नुस्तं बसा." काकू पोळी भाजता भाजता म्हणाल्या, "बघा बाई. घरात बी वडापच."

वाडीच्या शाळेत मी एकदा चौथीच्या मुलांना विचारलं, सरकार काय काम करते? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. 'सरकार गाडी भरल्याशिवाय सोडत नाही.' सरकार कोठे बसते? 'पानटपरीशेजारी.' मी चूक द्यायला पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. त्या मुलांनी दुसरं कुठलं सरकार पाहिलं नव्हतं.

आता वाडीच्या फेरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं.

राजूरच्या जीपांना खरी कमाई धरणाची. भंडारदऱ्याला पुण्या-मुंबईचे लोक यायचे, अख्खी जीप करून फिरायचे, घासाघीस न करता पैसे द्यायचे. उलट करवंदवाडीला कुणीच जायला बघायचं नाही. रस्ता खराब, चढ मोठा, आणि संध्याकाळी वर जाणारी माणसं चार-दोन. बाजार करून परतणारी, दवाखान्यातून सुटलेली. येताना गाडीत मी एकटी. सकाळी मी दुधाच्या टेम्पोतून वर जायचे, पण संध्याकाळी खाली यायला तीच एक जीप होती.

तिच्यासाठी सरकारांचा नियम होता. "साय ज्यानं खाल्ली, भांडं त्यानं घासायचं." म्हणजे दिवसात ज्याला धरणाची शेवटची फेरी मिळाली, त्याने संध्याकाळी वाडीची फेरी करायची. एक माणूस असला तरी. एकही नसला तरी, कारण वर बाई थांबल्यात. ड्रायव्हर शिव्या देत पण जात. रशीदभाई तर गाडी सुरू करताना दररोज म्हणायचे, "चला, भांडं घासून येतो."

मग फोनवरून बोलवायच्या गाड्या आल्या.

पहिली आली ती नाशिकची होती. पांढरी, काचा बंद. धरणावर जायला निघालेलं एक नवरा-बायकोचं जोडपं एसटीतून राजूरला उतरलं होतं, त्यांनी ती फोनवर मागवली. ती स्टँडवर आली आणि जोडपं आत बसलं. सरकार खुर्चीवरून उठले, गाडीसमोर जाऊन उभे राहिले.

"नंबर कुठंय?"

ड्रायव्हर तरुण होता, सभ्य होता. "आहे ना काका. नंबर आलाय." त्याने जोडप्याच्या फोनवरचा आकडा दाखवला. चार आकडी.

सरकारांनी चष्मा वर करून तो वाचला. त्यांनी मागे वळून ओळीतल्या जीपांकडे पाहिलं, मग पुन्हा फोनकडे. "सात हजार?"

"हो काका, तोच नंबर."

"आरं बाबा," सरकार कळवळून म्हणाले, "तुझ्या मोरं लई गाड्या हायती."

आणि ती गाडी त्यांनी ओळीच्या शेवटी लावायला लावली. जोडप्याला त्यांनी खिडकीतून अदबीने विचारलं, "मौतीला निघालात का?"

"नाही हो," मुलगी दचकून म्हणाली. "आमचं लग्न झालंय नुकतंच."

"मग घाई न्हाई."

नंबर येईपर्यंत गाडी भरायला हवीच होती. मागच्या शीटवर त्या दोघांच्या शेजारी करवंदवाडीची ठकूबाई बसली, धरणावर विकायच्या नाचणीचं गाठोडं मांडीवर घेऊन. पुढे एक जण छताचा पंखा घेऊन बसला, तो त्याच्या मुलीच्या घरी लावायचा होता. ठकूबाईने वाटेत नवरीला नाव घ्यायला लावलं. धरणावर उतरताना नवरी तिच्या पाया पडली, असं ठकूबाई सांगते. पंखेवाला म्हणतो, तसं काही झालं नाही, ती फक्त चप्पल शोधत होती.

त्यानंतर काही महिन्यांनी शहरातून एक साहेब आले. फोनवरच्या गाड्यांवर सरकारचं नियंत्रण असावं की नसावं, हे ठरवायला कुठली तरी समिती नेमली होती आणि साहेब गावोगाव लोकांची मतं विचारत होते. ते स्वतः अशाच गाडीतून आले होते, त्यामुळे परत जाताना त्यांची गाडी नंबरात लागली. वेळ होता, म्हणून त्यांनी तोवर राजूरचं काम उरकायचं ठरवलं. शाळेला सुट्टी होती, मी रशीदभाईंच्या जीपमध्ये पुस्तक वाचत बसले होते. सरकार पलीकडे खुर्चीत डुलकी घेत होते.

साहेबांनी विचारलं, "तुमच्या या वाहतुकीवर सरकारचं काही नियंत्रण आहे का?"

"म्हंजे काय," रशीदभाई म्हणाले. "सरकारनं हात वर केल्याबिगर चाक हलत न्हाई."

साहेबांना नवल वाटलेलं दिसलं. "भाडं कोण ठरवतं?"

"सरकारच. दिवाळीला वाढवून मागितलं तर सरकारनं बोलनंच सोडलं आमच्यासंगं."

"तक्रार असली तर सरकारकडे जाता?"

"जायचं कशाला? हितंच असतंय."

"आणि दाद मिळते?"

"दुपारचा जरा डोळा लागतो सरकारचा. चहा झाला की मिळती."

मी म्हटलं, "साहेब, सरकार म्हणजे इथे—"

"बाई," साहेब मला थांबवत म्हणाले, "सरकार म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तुम्ही शिकलेल्या लोकांनी मध्ये बोललं की यांची उत्तरं बदलतात."

मग आवाज लहान करून त्यांनी रशीदभाईंना विचारलं, "खाण्यापिण्याचं कसं आहे? स्पष्ट सांगा, नाव कुठे येणार नाही."

रशीदभाईंनी खुर्चीकडे एक नजर टाकली. "चहा घेतं आमचा. बिस्कुट सोत्ताचं आनतं."

साहेबांनी ते लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न त्यांनी जीपमध्ये मागे बसलेल्या ठकूबाईला केला. "आजी, या फोनवरच्या गाड्यांवरही सरकारने लक्ष ठेवावं असं वाटतं का?"

"ठिवावं की," ठकूबाई म्हणाली. "पन सरकारचं गुडगं गेलंत आता. त्येला कुठवर पळवता?"

पुढे त्या समितीच्या अहवालाची बातमी पेपरात आली. रशीदभाईंनी ती स्टँडवर मोठ्याने वाचली. डोंगराळ भागात सरकारी यंत्रणा लोकांपर्यंत पोचली असून जनता समाधानी आहे, नव्या उपाययोजनेची तूर्त गरज दिसत नाही, असं तिच्यात होतं. सगळ्यांना आनंद झाला. सरकारांना त्यातलं 'यंत्रणा' आवडलं नाही. "मशीन हाय का मी?"

ठकूबाई गुडघ्यांचं म्हणाली ते मात्र खरं ठरत गेलं. फोनवरच्या गाड्या वाढल्या. स्टँडवर गेलं की नंबरात उभं राहावं लागतं हे त्यांना कळलं, म्हणून त्या अलीकडे पेट्रोल पंपावर थांबू लागल्या. धरणाचे पाहुणे तिथूनच चढायचे. साय पंपावर संपायला लागली. संध्याकाळी वाडीच्या फेरीची वेळ झाली की ड्रायव्हर म्हणायचे, "आज साय कुनी खाल्ली? मी न्हाई. मग भांडं मी का घासू?" त्यांचंही चूक नव्हतं. मी शाळेच्या पायरीवर बसून असे आणि जीप दिवसेंदिवस उशिरा येई.

सरकारांनी खुर्ची पेट्रोल पंपावर नेली. जीपच्या टपावर बांधून. तिथे बसून ते फोनवरच्या गाड्यांना नंबर देऊ लागले. दोन दिवसांत गाड्या पुढे पुलाजवळ थांबायला लागल्या. खुर्ची पुलावर गेली. गाड्या वळणावर गेल्या. खुर्ची वळणावर गेली. तिथे सावली नव्हती. काकू रोज दुपारी डबा घेऊन आधी चौकशी करायच्या, आज सरकार कुठंय. एका गाडीवाल्याला त्यांची दया आली आणि त्याने छत्री दिली. छत्री घेऊन सरकारांनी त्यालाच नंबर विचारला.

इकडे स्टँडवर बेबंदशाही झाली. पहिला कोण यावरून पुन्हा कॉलरी धरल्या गेल्या. दोन जीपा एकाच वेळी अर्ध्या अर्ध्या भरत, आणि दोन्ही उभ्या राहत. जावयाला मागे बसवल्यावरून एक सोयरीक मोडता मोडता राहिली. रशीदभाई मला म्हणाले, "बाई, सरकार वळनावर गेल्यापासनं हितं काय खरं न्हाई."

आणि मग एक दिवस वाडीची जीप निघालीच नाही. ठकूबाईची सून बाळंत होऊन सरकारी दवाखान्यातून सुटली होती. ती, बाळ आणि ठकूबाई ऊन कलेपर्यंत स्टँडवर बसून होत्या. एकही ड्रायव्हर तयार होईना. प्रत्येकाने आपण आज साय खाल्ली नाही याच्या शपथा घेतल्या. रशीदभाईंची जीप गॅरेजमध्ये होती. ते कुणाच्या तरी मोटारसायकलवरून वळणावर गेले आणि सरकारांना घेऊन आले. पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं.

सरकारांनी ड्रायव्हरांकडे पाहिलं. कुणी वर बघेना. मग ते रशीदभाईंना म्हणाले, "तुझा फोन काढ. त्यांच्यातली गाडी बोलाव."

"कुठं म्हनून घालू?"

"करवंदवाडी."

रशीदभाईंनी नाव घातलं. "सरकार, आपली वाडी न्हाई दावत. एक करवंदवाडी दावतंय, पन ती कोकनात हाय. शेजारी समुद्र दिसतोय."

सरकारांनी फोन हातात घेऊन निळा रंग बघितला. "धरनाचं पानी आसंल. दाब."

गाडी आली. तोच नाशिकचा तरुण. कोकणची लांबची फेरी मिळाली म्हणून तो खुशीत होता. येताना बोंबील आणतो, असं त्याने बायकोला फोनवर सांगूनही टाकलं होतं. सरकार पुढे बसले, बाळबाळंतीण आणि ठकूबाई मागे. तिठ्यावर सरकारांनी डावीकडे हात केला. गाडी चढाला लागली. तेवढ्यात गाडीतला फोन बोलू लागला, "मागे वळा." दर वळणावर तेच, "मागे वळा."

"ही बाई कुठं बसती?" सरकारांनी विचारलं.

"काका, ती बाई नाही. ते आपोआप बोलतं."

"कुनीतरी बसवलीय ना पन?"

"हो, तसं म्हणा."

"मग ती तिचं काम करती. तू तुझं कर. चल."

मी शाळेच्या पायरीवर बसले होते. शाळेला कुलूप लावून झालं होतं, हातातलं पुस्तक वाचून संपलं होतं, आणि आता वाडीत कुणाकडे तरी अंथरूण मागावं लागणार असं मनाशी ठरत होतं. तर त्या रस्त्यावर कधी न दिसलेली पांढरी गाडी धुरळा उडवत वर आली. ड्रायव्हर उतरला. त्याने चारी बाजूंचे डोंगर पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि शिकलेली दिसते म्हणून आशेने विचारलं, "मॅडम, इथून समुद्र किती लांब?"

"पुष्कळ," मी म्हटलं.

वाडीतल्या बाया धावत आल्या. एकीने बाळाला घेतलं, एकीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. एकीने गाडीच्या पुढच्या चाकावरही पाणी घातलं. ड्रायव्हर तोंड उतरवून उभा होता. ठकूबाईने त्याच्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाली, "खा लेकरा. नातीला आनलंस." मग तो थोडा सावरला.

परत येताना मी मागे बसले होते. दोन वळणं गेली. मग ड्रायव्हर म्हणाला, "काका, एक विचारू? तुम्ही आहात कोण? आरटीओचे?"

"मला बसवलंय."

"ते कळलं. पण मला कशाला वर नेलंत? स्टँडवर एवढ्या जीपा उभ्या होत्या."

सरकार गुडघे चोळत होते. "हे बघ. भरल्याली गाडी कुनी न सांगता जाती. तिला सरकार कशाला लागतंय? तुझ्या फोनवरच्या गाडीला न्हाई लागत, धरनाच्या जीपला न्हाई लागत. ती जानारच. रिकाम्या गाडीला मात्र जा म्हनून सांगायला कुनीतरी लागतं. मी तेवढंच करतो. बाकीचं उगं आपलं, बसलोय म्हनून."

"मग मला रोज नंबरात का लावता?"

सरकारांची मान छातीवर आली होती. त्यांना झोप लागली होती.

या प्रवासातलं त्यांचं वाक्य मी पुष्कळदा आठवून पाहते. नियंत्रण असावं की नसावं, यावर मी पेपरातले लेख वाचले आहेत. दोन्ही बाजूंचे लोक भरलेल्या गाडीबद्दलच बोलत असतात. तिचं भाडं किती असावं, तिला परवाना कुणी द्यावा. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण मी त्या पायरीवर बसलेली बाई होते, मला दुसरं काही वाचायचं असतं, ते त्यांत सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारांनी खुर्ची स्टँडवर परत आणली. फोनवरच्या गाड्यांचा नाद त्यांनी सोडला. त्याऐवजी नियम बदलला. साय कुणीही खावो, भांडं पाळीपाळीने. ड्रायव्हर कुरकुरले, पण खुर्ची समोर होती. ते असेपर्यंत फेरी चुकली नाही. नाशिकचा तो तरुणही अधूनमधून येऊन नंबरात उभा राहायचा. भंडारदऱ्याहून परतताना फोनवर गिऱ्हाईक मिळायचं नाही, आणि इथे काही नाही तरी गाडी भरून मिळायची. एकदा त्याची पाळी नसताना तो वाडीला जाऊन आला. का गेलास, असं रशीदभाईंनी विचारलं तर म्हणाला, काकांनी माझ्याकडे बघितलं.

माझी बदली संगमनेरला झाली तेव्हा सरकारांनी मला जीपमध्ये पुढे बसवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं की ही शीट जावयाची आहे पण आज राहू दे. गाडी भरली नव्हती. त्यांनी तरीही हात वर केला. सगळे ड्रायव्हर वळून बघू लागले. मौतीची शिट आणि वाडीची फेरी सोडून असं त्यांनी कधी केलं नव्हतं. रशीदभाई खाली मान घालून म्हणाले, "सरकार, अपशकुन नगा करू." मग सरकार ओशाळले, त्यांनी हात खाली घेतला, आणि भरती होईपर्यंत मला थांबावं लागलं. आम्ही दोघं एकमेकांसमोर थांबलो.

दहाव्याला मी पुन्हा राजूरला गेले. काकूंनी स्वयंपाकघरात पाट मांडले नव्हते, आम्ही ओट्यापाशी उभ्यानेच चहा घेतला. त्या म्हणाल्या, "आता कुनाला बी हाक मारावी लागत न्हाई. आपन दोघी. झालं." त्यांनी कपबशा धुतल्या आणि उगाच पुन्हा पुसल्या.

स्टँडवर ड्रायव्हरांची बैठक झाली, तिला मी होते. खुर्चीवर आता कुणी बसायचं, हा विषय होता. सगळ्यांनी रशीदभाईंचं नाव घेतलं. रशीदभाई बसले. थोड्या वेळाने त्यांच्याच जीपचा नंबर आला आणि त्यांनी तिच्यासाठी हात वर केला. मागचा लगेच म्हणाला, "सरकारची सोत्ताची गाडी आसली की झालंच मग." रशीदभाई उठले. दुसरा एक बसला, त्याचा भाऊ ड्रायव्हर निघाला. ज्याची गाडी नाही, भाऊ नाही, मेहुणा नाही, असा माणूस राजूरमध्ये मिळाला नाही. पानटपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मला कुणी बसवलंय?

त्या बैठकीत वाडीच्या फेरीचाही विषय निघाला. पाळी कुणाची यावर वाद झाला. रशीदभाई म्हणाले, मी आज जातो, उद्याचं उद्या. ते त्या दिवशी गेले. पुढे काही दिवस एकटेच जात राहिले. मग त्यांच्या मुलाने जीप विकून पांढरी गाडी घेतली. ती फोनवर चालते.

मी मागच्या महिन्यात जाऊन आले. राजूरच्या स्टँडवर जीपा आहेत, पंपावर पांढऱ्या गाड्या आहेत, धरणाला कुठूनही जाता येतं. संध्याकाळची शेवटची जीप करवंदवाडीच्या फाट्यापर्यंत जाते आणि तिथून मागे वळते. शाळेत नवीन बाई आल्या आहेत, त्या लवकर शाळा सोडून फाट्यापर्यंत उतरून येतात. ठकूबाई बाजारातून आली की फाट्यावर उतरते आणि वाडी चालत चढते. चढ मोठा आहे. वाटेत दोनदा टेकते.